‘हे गेलेत की नाही?’ : मेंदूमृत्यूच्या निकषांची परीक्षा



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मृत्यूचे निकष’ असं सांगितलं. त्यावर एक तरुण कार्यकर्ते म्हणाले, ‘सर, संध्याकाळची वेळ आहे, जरा हलकं काही नाही का?’ पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाला यापेक्षा जवळचा विषय नसतो, असं सांगून आम्ही वेळ मारून नेली. खरं कारण वेगळं होतं, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान घरातला जिना उतरताना कोसळले. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. रुग्णालय, अतिदक्षता विभाग, व्हेंटिलेटर, सगळं यथासांग झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला एका लहान खोलीत बोलावलं. मेंदू मृत झाला आहे, दोनदा तपासणी झाली आहे, चौघांच्या सह्या झाल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. मग समन्वयक बाईंनी अवयवदानाविषयी विचारलं. बोलणं सभ्य होतं, त्यात कसलीही जबरदस्ती नव्हती. बहीण म्हणाली, ‘मला नाही जमणार.’ ‘ठीक आहे,’ डॉक्टर म्हणाले, ‘मग व्हेंटिलेटर चालूच ठेवावा लागेल. हृदय थांबेपर्यंत तो आम्हाला काढता येत नाही.’

बहीण आमच्याकडे वळली. ‘दादा, तू फिलॉसॉफीचा प्रोफेसर ना? हे गेलेत की नाही, एवढंच सांग. गेले असतील तर या नळ्या कशाला? आणि गेले नसतील तर अवयव मागितले कसे?’

पस्तीस वर्षं आम्ही तर्कशास्त्र शिकवलं. इतका नेटका पेच आम्हाला कुठल्या विद्यार्थ्याने घातला नव्हता, आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. पुढे चार दिवसांनी हृदय थांबलं. मृत्यूच्या दाखल्यावर ती तारीख आली, सुतकही तिथूनच धरलं. वर्षश्राद्धाच्या वेळी गुरुजींनी तिथी विचारली तेव्हा बहीण पुन्हा अडली. आजचं व्याख्यान म्हणजे तिच्या त्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

हा प्रश्न यंत्राने निर्माण केलेला आहे. पूर्वी श्वास, हृदय आणि मेंदू यांतलं एक थांबलं की बाकीची दोन काही मिनिटांत थांबत. त्यामुळे मृत्यू नेमका कुणाच्या थांबण्याने होतो, हे विचारायची गरजच पडत नसे. नाकाशी सूत धरायचं, नाडी बघायची, संपलं. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास देण्याची पद्धत लावली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसत. शेकडो जीव वाचले. पण त्याच तंत्रातून काही वर्षांत एक नवी अवस्था जन्माला आली. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलों या फ्रेंच डॉक्टरांनी तिचं वर्णन केलं आणि तिला ‘कोमाच्याही पलीकडची अवस्था’ म्हटलं. हृदय चालू, अंग गरम, पण मेंदूचं कसलंही काम नाही, स्वतःचा श्वास नाही. लक्षात घ्या, ते ‘कोमाच्या पलीकडे’ म्हणाले. ‘मृत्यू’ म्हणाले नाहीत.

तो शब्द वापरला हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने, १९६८ मध्ये. आम्ही तो अहवाल अनेकदा वाचला आहे. तेरा जणांची समिती, अध्यक्ष हेन्री बीचर हे भूलतज्ज्ञ, बहुतेक सभासद डॉक्टर. पार्श्वभूमी अशी की डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदयरोपण केलं होतं. आपल्या मुंबईतही फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदयरोपण केलं. तो रुग्ण काही तासच जगला. अशा वेळी अहवाल येतो आणि पहिल्याच परिच्छेदात नव्या व्याख्येची दोन कारणं देतो. एक, असे रुग्ण सांभाळण्याचा रुग्णांवर, घरच्यांवर आणि रुग्णालयांवर पडणारा भार. दोन, जुन्या निकषांमुळे रोपणासाठी अवयव मिळवताना होणारे वाद.

आता ही कारणं खोटी आहेत का? नाहीत. पण ती कशाची कारणं आहेत? मृत्यूची व्याख्या आपल्याला हवी का आहे, याची. मृत्यू काय आहे, याची नव्हेत. एखादा जमीनमालक म्हणाला की मला इथे घर बांधायचं आहे म्हणून ही नदी नाही, तर आपण त्याला काय म्हणू? हान्स योनास या तत्त्वज्ञाने नेमका हाच आक्षेप घेतला: उपयोगासाठी व्याख्या बदलू लागलात तर व्याख्या उपयोगाच्या मागे धावेल. अहवालाचं शीर्षकही पाहा. ‘अपरिवर्तनीय कोमाची व्याख्या’. कोमा ही जिवंत माणसाची अवस्था. ज्याला मृत म्हणायचं त्याला शीर्षकात कोमात ठेवलं आहे. लिहिणाऱ्यांची अडचण शीर्षकातच दिसते.

पण त्याच अहवालात एक अतिशय स्वच्छ वाक्य आहे आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. आधी मृत्यू घोषित करावा आणि मगच श्वसनयंत्र बंद करावं, असं समिती सांगते. क्रम महत्त्वाचा. हा क्रम ध्यानात ठेवा, आपल्याकडे त्याचं काय झालं ते पुढे येईल.

आता पद्धत. न्यायभाष्यकार वात्स्यायन शास्त्राचं काम तीन पायऱ्यांत सांगतात: उद्देश, लक्षण, परीक्षा. उद्देश म्हणजे वस्तूचं नाव घेणं. लक्षण म्हणजे तिला इतरांपासून वेगळं करणारा धर्म सांगणं. परीक्षा म्हणजे ते लक्षण तिथे लागू पडतं की नाही हे तपासणं. मेंदूमृत्यूवरचे निम्मे वाद या तीन पायऱ्या एकमेकींत मिसळल्यामुळे होतात. कुणी म्हणतो ‘चाचणी चुकते’, दुसरा म्हणतो ‘व्याख्याच चुकीची’, आणि दोघे तासभर भांडतात.

आधी परीक्षा, कारण लोकांची भीती तिथे असते. बेशुद्धीचं कारण माहीत असलं पाहिजे. झोपेची किंवा भुलीची औषधं, विष, शरीराचं उतरलेलं तापमान, साखर-क्षारांची गडबड, हे सगळं आधी वगळावं लागतं, कारण यांतली कुठलीही गोष्ट मृत्यूचं सोंग आणू शकते. मग एकेक प्रतिक्षेप पाहतात. डोळ्यात प्रकाश टाकला तर बाहुली आकसते का? बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटते का? डोकं फिरवलं तर डोळे फिरतात का? कानात बर्फाचं पाणी सोडलं तर डोळे हलतात का? भुवईपाशी जोरात दाबलं तर चेहरा आक्रसतो का? घशाला, श्वासनलिकेला स्पर्श केला तर उबळ येते का?

शेवटी श्वासाची परीक्षा. रुग्णाला आधी भरपूर ऑक्सिजन देतात, मग व्हेंटिलेटर बाजूला करतात. बारीक नळीने ऑक्सिजन चालूच असतो. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागतो. नेहमीची पातळी चाळीसच्या आसपास असते. ती साठपर्यंत चढली तरी छाती हलत नसेल, तर श्वास घेण्याचा हुकूम सोडणारं केंद्रच उरलेलं नाही. तुम्ही-आम्ही पाण्याखाली श्वास रोखून धरतो आणि शेवटी राहवत नाही, ते ‘राहवत नाही’ तिथे नसतं. भारतात ही सगळी तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायची असते. चार डॉक्टर सह्या करतात आणि रोपण करणाऱ्या गटातला कुणी त्यांत चालत नाही.

ही परीक्षा कसून घेतलेली आहे, असं आमचं मत आहे. सगळ्या अटी पाळून मेंदूमृत ठरलेला माणूस उठून बसला, असं सर्वमान्य उदाहरण वैद्यकीय साहित्यात नाही. वर्तमानपत्रात ‘मेंदूमृत रुग्ण शुद्धीवर’ अशी बातमी येते तेव्हा बहुधा अटी पाळलेल्या नसतात, नाहीतर बातमीदार कोमाला मेंदूमृत्यू म्हणत असतो. नातेवाइकांना कधी हात हललेला दिसतो. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूचा प्रतिक्षेप असतो; मेंदूशी त्याचा संबंध नसतो. हे आधी सांगितलं नाही तर घरची माणसं हादरतात, आणि सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे.

म्हणून आमची टीका परीक्षेवर नाही, ती लक्षणावर आणि कायद्यावर आहे.

लक्षणाचे जगात दोन मोठे पंथ आहेत. अमेरिकेच्या १९८१ च्या नमुना कायद्यात म्हटलं आहे: मेंदूस्तंभासह संपूर्ण मेंदूची सर्व कार्यं कायमची थांबणं. सर्व कार्यं! पण वरच्या परीक्षेत सर्व कार्यं तपासली जातातच कुठे? मेंदूच्या तळाशी शरीरातल्या पाण्याचा तोल राखणारं संप्रेरक तयार होतं. मेंदूमृत ठरलेल्या अनेकांत ते काम चालूच असतं. २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी तर स्पष्टच म्हटलं की ते चालू असलं तरी मेंदूमृत्यू घोषित करता येतो. म्हणजे लक्षण एक आणि परीक्षा दुसऱ्याच गोष्टीची. कायद्याची भाषा दुरुस्त करायचा प्रयत्न झाला, तो त्याच वर्षी मतभेदांमुळे थांबवण्यात आला.

त्या लक्षणाला एक तात्त्विक आधार दिला जात असे. मेंदू हा शरीराचा सूत्रधार, तो गेला की शरीर एकसंध राहत नाही, अवयवांचा नुसता ढीग उरतो. ॲलन शूमन या मज्जातज्ज्ञाने १९९८ मध्ये या आधारालाच धक्का दिला. मेंदूमृत ठरलेली काही शरीरं महिनोन्महिने, क्वचित अनेक वर्षं टिकली होती. ती अन्न पचवत होती, जखमा भरून काढत होती, लहान मुलं वाढत होती. मेंदूमृत गर्भवतीच्या पोटात मूल वाढून जन्मल्याची उदाहरणं आहेत. याला ‘ढीग’ कसं म्हणायचं? अमेरिकेतल्याच राष्ट्राध्यक्षांच्या जीवनीतिपरिषदेने २००८ मध्ये हा जुना आधार सोडला आणि दुसरा शोधला.

दुसरा पंथ ब्रिटनचा. तिथे १९७६ पासून मेंदूस्तंभाचा निकष आहे आणि २००८ च्या संहितेत लक्षण असं दिलं आहे: शुद्धीची क्षमता आणि श्वासाची क्षमता, दोन्ही कायमची जाणं. मेंदूस्तंभाच्या वरच्या भागात जागेपणाची यंत्रणा आहे, खालच्या भागात श्वासाचं केंद्र. स्तंभ गेला की दोन्ही गेली. हे लक्षण नेमकं जेवढं तपासता येतं तेवढंच सांगतं, जास्तीचा दावा करत नाही. भारताने १९९४ च्या कायद्यात मेंदूस्तंभच घेतला. आमच्या मते निवड योग्य होती.

छांदोग्य उपनिषदातली इंद्रियांच्या भांडणाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. श्रेष्ठ कोण, यावर वाद होतो. वाणी वर्षभर निघून जाते. शरीर मुक्यासारखं जगतं. डोळा जातो, कान जातो, तरी जगतं. मन जातं, तान्ह्या बाळांसारखं, पण जगतं. मग प्राण निघू लागतो आणि बाकीचे सगळे मुळासकट उखडू लागतात. ऋषींना मेंदूस्तंभ ठाऊक होता, असं आम्ही म्हणत नाही. असले दावे करणाऱ्यांची आम्हाला भीती वाटते. पण गोष्टीतला भेद महत्त्वाचा आहे. नुसतं मन गेलं तर मृत्यू नाही. केईएममध्ये चार दशकं खाटेवर असलेल्या अरुणा शानभाग यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हाच भेद केला: त्या स्वतः श्वास घेत होत्या, त्यांचा मेंदू मृत नव्हता, म्हणून त्या जिवंत होत्या. ज्यांना ‘मन गेलं की माणूस गेला’ असं वाटतं, त्यांच्या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष येतो. ते जिवंतांना मृतांत ढकलतं. ‘मन आणि प्राण दोन्ही’ हे लक्षण त्या दोषातून सुटतं.

आता आपला कायदा. मानवी अवयव रोपण कायदा १९९४ चा. तो प्रथम ज्या राज्यांना लागू झाला ती महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. म्हणजे ही आपल्या घरची गोष्ट आहे. त्यात मृत व्यक्ती कोण? मेंदूस्तंभाच्या मृत्यूमुळे किंवा हृदय-श्वसनाच्या अर्थाने जिच्यात ‘जीविताच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा’ झाल्या आहेत, ती. हे शब्द कुठून आले? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातून, जसेच्या तसे. पण तिथे ते थंड पडलेल्या देहासाठी होते. इथे छाती वरखाली होते आहे, नाडी लागते आहे, अंग गरम आहे, आणि कायदा म्हणतो सर्व खुणा नाहीशा झाल्या. जुना अंगरखा नव्या माणसाला घातला, तो बसत नाही. ‘शुद्धीची आणि श्वासाची क्षमता कायमची गेली’ एवढंच लिहिलं असतं तर आमच्या बहिणीला ते कळलं असतं.

याहून मोठा दोष जागेचा आहे. मेंदूस्तंभाचा मृत्यू आपल्याकडे फक्त अवयव रोपणाच्या कायद्यात राहतो. नोंदणी कायद्यात त्याचं नावही नाही. मग डॉक्टर काय करतात? कुटुंबाने ‘हो’ म्हटलं तर माणूस मृत, अवयव काढता येतात. ‘नाही’ म्हटलं तर अनेक ठिकाणी व्हेंटिलेटर चालू राहतो, कारण तो काढला तर आपल्यावर काही शेकेल अशी धास्ती असते. सुटायला एक वाट उरते: सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आखलेली आणि २०२३ मध्ये सोपी केलेली उपचार थांबवण्याची प्रक्रिया. पण ती मरणोन्मुख, म्हणजे जिवंत रुग्णांसाठी आहे! मृत ठरवलेल्या माणसासाठी जिवंताच्या परवानग्या काढायच्या, असा हा प्रकार आहे.

श्रोतेहो, सार असं निघतं की माणूस मेला आहे की नाही, हे त्याच्या बायकोच्या उत्तरावर ठरतं. त्याच्या शरीरात काहीही बदललेलं नसतं, तिचं ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच बदलतं. हार्वर्डच्या समितीने सांगितलेला क्रम इथे उलटा झाला. आधी मृत्यू, मग यंत्र बंद, आणि दानाचा प्रश्न स्वतंत्र, असं हवं होतं. आपल्याकडे आधी दानाचा प्रश्न, मग त्यावरून मृत्यू. योनासांनी ज्याची भीती दाखवली होती ते आपण कायद्याच्या रचनेतून करून बसलो. ‘मेंदूमृत हा शब्द अवयवांसाठी काढलाय’ असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना अडाणी म्हणू नका. त्यांना जे दिसतं तेच ते सांगतात.

आमचं म्हणणं असं. मेंदूस्तंभाचा मृत्यू हा सर्वांसाठी, सर्व कामांसाठी मृत्यू असावा आणि तो नोंदणीच्या कायद्यात लिहावा. निकष पूर्ण झाले की घोषणा व्हावी, वेळ लिहिली जावी, दाखल्यावर तीच वेळ यावी. ब्रिटनमध्ये पहिल्या तपासणीची वेळ ही मृत्यूची वेळ धरतात, दुसरी खात्रीसाठी असते. आपण कोणती धरायची ते एकदा स्पष्ट ठरवावं. दानाची विचारणा त्यानंतर. केरळ शासनाने २०२० मध्ये दान असो वा नसो, मेंदूमृत्यू निश्चित करण्याची कार्यपद्धती जाहीर केली. एक राज्य करू शकतं, तर ज्या राज्यात हा कायदा सर्वप्रथम आला त्याला काय अडचण आहे?

यावर एक आक्षेप गंभीर आहे. धडधडत्या हृदयाला मृत मानायला ज्यांची श्रद्धा तयार नाही, त्यांचं काय? अमेरिकेत न्यू जर्सीने अशांना सूट दिली. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात तेरा वर्षांची एक मुलगी शस्त्रक्रियेनंतर मेंदूमृत घोषित झाली. आईने तिला न्यू जर्सीत नेलं, ती देहाने २०१८ पर्यंत राहिली. तिला मृत्यूचे दोन दाखले आहेत, दोन राज्यांचे, साडेचार वर्षांच्या अंतराने. ती हालचालींनी प्रतिसाद देते असा दावा काही तज्ज्ञांनी केला, इतरांनी तो नाकारला. जपानने १९९७ च्या कायद्यात, दान करू इच्छिणाऱ्यापुरताच मेंदूमृत्यू मान्य केला होता. २००९ मध्ये तो बदलला. आमच्या मते श्रद्धेला सूट द्यायची ती वेळेची द्यावी, व्याख्येची नव्हे. दोन दिवस थांबा, सगळ्यांना येऊ द्या, तोंडात तुळशीपत्र ठेवू द्या. पण मृत्यूची तारीख दोन असू नये.

हेही कबूल करायला हवं की कुठलंही लक्षण शेवटी काही अंशी आपला निर्णय असतो. निसर्ग मृत्यूवर रेघ ओढून देत नाही. मरणं ही प्रक्रिया आहे आणि रेघ आपण ओढतो. पण रेघ आपण ओढतो म्हणून ती कुठेही ओढता येत नाही. ती सर्वांसाठी एकाच ठिकाणी असावी आणि ओढणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून नसावी, एवढी अट तरी पाळायला हवी.

बहिणीने शेवटी काय केलं ते सांगून थांबतो. गुरुजींना तिने चौघांच्या सह्यांच्या दिवसाची तिथी दिली. दाखल्यावरची नव्हे. आम्ही विचारलं, ‘का गं?’ म्हणाली, ‘त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं ना, गेले म्हणून. पुढचे चार दिवस मी यंत्राला भेटायला जात होते.’ दान न केल्याची खंत तिला आता वाटते. ‘गेले’ म्हणून सरळ सांगितलं असतं, थोडा वेळ दिला असता आणि मग विचारलं असतं, तर कदाचित हो म्हटलं असतं, असं ती म्हणते. आम्हाला तिचं म्हणणं पटतं.